वर गेलेल्या रेघेचं प्रकरण

"माझं नाव ऐकलेला गुन्हेगार झोपत नाही. न ऐकलेला तर नुसत्या अंदाजानेच थरथरतो," मामा म्हणाले. मामा प्रयोगशाळेचे भांडारपाल, आणि स्वतःच्या मते जगातले पहिल्या क्रमांकाचे गुप्तहेर. दुसऱ्या क्रमांकाचा अजून जन्मायचा होता.

भाचीला मात्र हसू सुचत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेणबत्तीच्या मेणाचा आलेख नीट आला, तरच मोठ्या बाई उष्णता मोजायचं यंत्र तिच्या हाती सोपवणार होत्या.

यंत्राचं काम सोपं. आत दोन खळगे. डावीकडे मेण भरलेली चिमुकली डबी, उजवीकडे तश्शीच रिकामी. दोन्ही सारख्याच तापवायच्या; डावी उजवीच्या मागे पडली की आलेखाची रेघ खाली, पुढे गेली की वर. मेण वितळताना जास्तीची उष्णता पिऊन घेतं, आणि तेव्हा रेघेत खड्डा पडतो. आज खड्ड्याच्या जागी टेकडी उभी! पुन्हा चालवलं, पुन्हा टेकडी.

"मामा, हे मेण वितळताना उष्णता देतंय! असं कसं होईल?"

"कट!" मामांनी डोळे बारीक केले. "माझा संशय विजेवर आहे."

"दिवे तर नीट लागलेत."

"तेच तर! साळसूदपणाचं सोंग." मग ते मेणाकडे वळले. "हे मेणच नव्हे. मेणाच्या वेषातलं लोणी आहे!"

"लोणीही वितळताना उष्णता घेतंच, मामा."

"म्हणजे लोणीसुद्धा सामील!"

तेवढ्यात मामी दारात हजर. "अहो, चष्मा घरीच विसरलात. आणि हे काय? डावा बूट उजव्या पायात! रस्ताभर असेच चालत आलात?"

"वेषांतर आहे ते," मामा म्हणाले.

भाची बुटांकडे बघतच राहिली. सकाळी "शुभारंभ माझ्याच हातून" म्हणत चिमट्याने दोन्ही डब्या मामांनीच आत ठेवल्या होत्या!

यंत्र निवल्यावर तिने डब्या काढून काट्यावर ठेवल्या. उजवीकडची जड भरली. मेण त्यातच होतं. तिने अदलाबदल करून यंत्र सुरू केलं. रेघ सरळ चालली, चालली, आणि वेळ येताच गपकन खड्ड्यात उतरली.

मोठ्या बाईंनी आलेख डोळ्यांजवळ धरून पाहिला. "छान आलाय. उद्यापासून यंत्र तू सांभाळ."

बाई गेल्यावर मामा कुजबुजले, "गुन्हेगार सापडला का गं?"

"सापडला. पण नात्यातला निघाला, म्हणून सोडून दिला."

"फार हळवी आहेस," मामा बूट बदलत म्हणाले. "माझ्या तावडीतून नसता सुटला!"