आधी मुक्याले इचारू

बळीरामभाऊंनी कुठल्याही जनावराचं तोंड आधी पाहिलं नाही. अड्याळच्या बाजारात ते शेळीच्या मागे जाऊन उभे राहायचे, मान तिरपी करायचे आणि विकणाऱ्याला म्हणायचे, "दोन पावलं चालव बरं हिले." शेळी चालली की "चाल बरी हाये" म्हणून पुढे. विकत एकही घेतली नाही. पुढेपुढे विकणारे त्यांना लांबून बघूनच शेळ्या भिंतीला टेकवून उभ्या करू लागले.

ते गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आणि मी शेजारच्या, माणसांच्या दवाखान्यात नर्स. ऐंशी सालच्या आगेमागे आमच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे त्यांची अर्धी नोकरी मी कानांनी पाहिली आहे.

नवीन काही वापरायचं तर त्यांचा नियम ठरलेला. "आधी मुक्याले इचारू, मंग बोलत्याले." नवा साबण आधी बैलाच्या पाठीला लागायचा. होळीला मी दिलेल्या पुरणपोळीचा पहिला तुकडा त्यांनी माझ्यादेखत मांजरीला घातला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एकदा त्यांनी खिडकीतून विचारलं, "सिस्टर, बाईमाणसाच्या आतल्या मापाले कोनतं जनावर जवळचं?"

"कशाला हो?"

"ग्यानासाठी."

मी कामात होते. माकड, म्हणून टाकलं. दोन दिवसांनी ते विचार करून परत आले. "माकड जमते. पण मारुतीच्या देवळापुढं मी माकड धरलं, तं गाव मले धरल."

मग महिनाभर निवड चालली. अंग बाहेर आलेल्या म्हशीचं अंग आत सारून दोरीनं बांधण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, पण म्हशीचं माप फार मोठं. डुक्कर बसतं, पण त्याला पकडणार कोण? सशाला त्यांनी हसूनच बाद केलं. शेवटी घरचीच शेळी ठरली. चार वेळा व्यालेली, त्यांच्या शब्दात "अनुभवी".

रबरी नळीचं कडं करून, उकळून त्यांनी ते शेळीला आत बसवलं. पंधरा दिवस तिचं खाणं-रवंथ ठीक चाललं. सोळाव्या दिवशी त्यांनी ते कडं धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "मुकी हो म्हनते. आता तुमी बोलतीले बसवून द्या."

"कोणती बोलती?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर लिंबाखाली त्यांची बायको जनाबाई उभी होती. ही बाई भजनातही उभी आणि लग्नाच्या पंगतीतही उभी. मी तिला गर्विष्ठ समजत होते. उकिडवं बसलं की अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येतं, म्हणून ती उभी राहायची, हे मला त्या दिवशी कळलं आणि माझीच मला लाज वाटली. दोन वर्षं ती धानाच्या रोवण्याला, भाताची रोपं लावायलाही, गेली नव्हती.

मी तिला आत बोलावलं. ती आधी नवऱ्यावरच घसरली. "सिस्टर, सांगा बरं यायले. शेळी रोवणा लावते का जी? तिले चार पाय हायेत. दोन पायावर वझं मी वागवतो."

मला हसू आलं आणि रागही. "भाऊ, अंग आत धरून ठेवणारं असं कडं तयार मिळतं. भंडाऱ्याला लेडी डॉक्टर बसवून देते. आधीच बोलला का नाहीत?"

"कसं बोलू जी? घरची गोष्ट." त्यांनी कड्यावरचं फडकं सारखं केलं. "अन् पयला तपास हिच्यावरच कसा करू? हिले काही झालं असतं तं?"

मग त्यांनी विचारलं, "बायांनी वापरलेलं हाये ना ते?" हो म्हटलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा हो म्हटल्यावर कुठे ते बाकावर बसले.

गुरुवारी आम्ही तिघं भंडाऱ्याला जाऊन आलो. परतल्यावर अड्याळच्या स्टँडवर जनाबाई झाडाखाली उकिडवी बसली, बशीतून चहा प्याली आणि कशाचाही आधार न घेता उठली. घराकडे निघाली तेव्हा बळीरामभाऊ तिच्याबरोबर गेले नाहीत. दहा पावलं मागे राहिले.

"या ना जी पुढं," तिनं हाक मारली.

"तू चाल," ते म्हणाले. मान तिरपी करून ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून हळूच मला म्हणाले, "चाल बरी हाये, सिस्टर."