तायडे काकांना आवाज धरायचा होता

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. मेहकरवरून डोणगावकडे जाणारी मोटारसायकल फलाटावर लागलेली आहे. चालकाने हेल्मेट घालावे.”

सकाळी मी गाडी बाहेर काढली, की शेजारच्या ओट्यावरून ही घोषणा होते. मी डोणगावच्या शाळेत शिकवतो. घोषणा करणारे तायडे काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांचं सगळं आयुष्य बसस्थानकाच्या खिडकीत, माईकसमोर गेलं. निवृत्तीनंतर माईक तिथे राहिला आणि आवाज घरी आला. गल्लीत गॅसची गाडी आली तरी काका ती कुठून आली आणि कुठे जाणार, हे सांगतात. काकू होत्या तेव्हा आतून म्हणायच्या, “तुमच्या गाड्या जाऊ द्या, आंघोळीचं पाणी थंड होऊन राह्यलं.” काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो. आता आतून कोणी बोलत नाही.

एका रविवारी काकांनी मला बोलावलं.

“सर, आवाज धराचा हाये.”

“कोणाचा?”

“माहाच. दुसरं कोण हाये घरात?”

मुलाने ठेवून दिलेला जुना लॅपटॉप त्यांनी टेबलावर पुसून ठेवला होता. मी म्हटलं, फोनवरही रेकॉर्डिंग होतं. ते म्हणाले, “मधातच कोणाचा फोन आला तं?” त्यांना दिवसभरात किती फोन येतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

“मले काई स्टुडिओ खोलाचा नाई,” काकांनी अटी घातल्या. “कधीमधी वापरीन. एक बटण चालू कराचं, एक बंद कराचं, एक ऐकाचं. तेवढं पाहा.”

मी सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. काका बोलले तशा पडद्यावर निळ्या लाटा उठल्या. त्यांनी चष्मा वर केला. “हे तं ईसीजी काढून राह्यलं. बंद करा.”

दुसऱ्याने आधी ईमेल मागितला, मग पासवर्ड. “मी माह्याच घरात बोलून राह्यलो. याले काऊन सांगू मी कोण हावो ते?”

तिसऱ्याने सुरुवातीला आपलंच संगीत वाजवलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “याले बँड कोणं सांगतला होता?”

चौथं मला फार आवडलं. पंख्याची घरघर ते काढून टाकायचं आणि बोलण्यातले रिकामे थांबेही आपोआप कापायचं. काका काहीतरी बोलले, थांबले, पुन्हा बोलले. मग ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“यानं मधातली चुप्पी खाल्ली, सर.”

“काका, लोक मुद्दाम असंच शोधतात.”

“लोकायले घाई असन.”

असे दोन रविवार गेले. शेवटी लॅपटॉपमध्ये मुळातच असलेला साधा रेकॉर्डर मी उघडून दाखवला. त्यात मोजून एक गोल बटण होतं. काकांनी ते दाबलं, बोलले, थांबले, ऐकलं. सगळं जसंच्या तसं, पंख्यासकट.

“हेच पह्यले काऊन नाई दाखवलं?” ते म्हणाले.

काका बसच्या घोषणा भरून ठेवत असणार, असा माझा अंदाज होता. शाळेत मी तसं सांगून सगळ्यांना हसवलंही.

नंतर आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी शाळा लवकर सुटली. तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन मी दुपारी काकांकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आत काका बोलत होते.

“पाणी घेतलं का जेवाले बसताना?”

“घेतलं.”

“भाजीत मीठ जास्त पडलं का?”

“जरासंक.”

दोन्ही आवाज काकांचेच होते. मी दार ढकललं. ते ताट घेऊन बसले होते आणि समोर, दुसऱ्या पाटावर, लॅपटॉप होता.

“आज बाहेर कोण भेटलं?” लॅपटॉपने विचारलं.

काकांचा घास हातातच राहिला. उत्तरासाठी सोडलेली जागा तशीच संपली. “बरं, ताक घ्या आता,” आवाज म्हणाला.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. लाजले नाहीत. बटण दाबून म्हणाले, “या सर. हे तिचे सवाल हायेत. रोज हेच इचारे. तिचा आवाज कुठंच नाई आमच्यापाशी. पोराच्या लग्नाच्या व्हिडिओत ती सगळीकडं दिसते, बोलतेबी, पण त्याच्यावर गाणे लावले हायेत. मंग मीच इचारतो, अन् उत्तराले जागा सोडतो.”

मी शेंगांची पिशवी खाली ठेवली.

“पण एक खोट हाये,” ते म्हणाले. “पुढचा सवाल मले मालूम राह्यते. तुम्ही एखांदा भरून देता का? मी बाहेर जातो. ऐकत नाई.”

ते खरंच हात धुऊन ओट्यावर गेले आणि दार ओढून घेतलं. मी पाटासमोर मांडी घातली. वर्गात दिवसभर प्रश्न विचारणाऱ्या मला एकही प्रश्न सुचेना. जेवण, पाणी, तब्येत, सगळं काकूंनी विचारून झालं होतं. मी बटण दाबलं आणि पंख्याची घरघर बराच वेळ तशीच भरली जात राहिली.

“काका,” शेवटी मी म्हणालो, “उद्या डोणगावचा बाजार आहे. माझ्यासोबत येता का? तुम्ही बाजारात फिरा, शाळा सुटली की दोघं परत येऊ.”

दाराआडून लगेच विचारणा झाली, “किती वाजता निघाचं?”

“सातला.”

दार उघडून ते आत आले. लॅपटॉपचं बटण चालूच होतं, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. अर्धवट ताट बाजूला सारून त्यांनी पिशवी पुढे ओढली आणि शेंगा सोलायला बसले.

“सातले म्हंजे मी पावणेसातलेच तयार राह्यतो,” काका म्हणाले. “अन् बाजारातून तुमच्या घरी काय आणाचं, ते इचारून ठेवा.”