महालक्ष्म्यांचा मुक्काम

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या भाद्रपदात समुद्रपूरच्या चंद्रभान भोयरांच्या घरी महालक्ष्म्या आल्या आणि गेल्याच नाहीत. यात चमत्कार काही नाही. जे झालं ते नियमाला धरून झालं, आणि ज्याअर्थी नियमाला धरून झालं त्याअर्थी कोणाला दोष देता येत नाही, हे आरंभीच नमूद केलेलं बरं.

चंद्रभान कापसाच्या जिनात कारकून होता. वर्षभर त्याला कोणी विचारत नसे, पण महालक्ष्म्यांचे तीन दिवस सारं गाव त्याच्या बैठकीत लोटे. पितळी मुखवटे आजोबांच्या वेळचे, टपोऱ्या डोळ्यांचे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी बहिणी गहू-तांदळानं भरलेल्या कोठ्यांवर उभ्या राहत. अंगावर बायकोचे, विमलाबाईचे, लग्नातले शालू, पुढ्यात दोघींची लेकरं, मागे आरसे, बाजूला केळीचे खांब, आणि डोक्यावर आडव्या काठीला टांगलेला फुलोरा: करंज्या, पापड्या, साटोऱ्या. बायका आधी देवीला हात जोडत आणि मग करंज्या मोजत. गावात कोणाची आरास सरस, हे त्या मोजणीवर ठरे.

करंज्या करण्याचं काम आनंदाबाईचं. ही चंद्रभानची आत्या. तो रांगत होता तेव्हा त्याची माय वारली, आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या या बाईनं त्याला जो उचलून घेतला तो आजतागायत खाली ठेवला नव्हता. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. नाव तेवढं होतं, तेही कंट्रोलच्या कार्डावर.

त्या साली साखर कंट्रोलमध्ये होती. माणशी जेवढी मिळे तेवढीत चहा गोड होतो की नाही याबद्दल गावात मतभेद होते; फुलोरा होत नाही याबद्दल नव्हते. तेव्हा चंद्रभाननं टोपी सारखी केली आणि तो कंट्रोलच्या कचेरीत गेला. तिथं निरीक्षक सालोडकर बसत. माणूस अत्यंत प्रामाणिक. लाच घेत नसत, त्यामुळे त्यांच्याकडून काम करून घेणं लोकांना फार जड जाई.

"साहेब, महालक्ष्म्या बसवाच्या हायेत," चंद्रभान म्हणाला. "फुलोऱ्याले साखर पाह्यजे."

"फुलोऱ्याचं काय करता?"

"देवीच्या डोक्यावर टांगतो ना जी."

"खायच्या वस्तूला साखर मिळते, टांगायच्या नाही. सजावट हे खाद्य नव्हे." सालोडकरांनी चष्मा पुसला. "मात्र घरी मुक्कामी पाहुणे येणार असतील तर त्यांच्या नावानं मिळू शकते. आहेत का पाहुणे?"

चंद्रभान हिरमुसून उठत होता. उठता उठता त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोघी येऊनच राह्यल्या जी. लेकराइनिशी."

"नावं?"

"ज्येष्ठा अन् कनिष्ठा."

"नातं?"

"लेकीच समजा. माहेराले येतात."

"वय?"

चंद्रभाननं पुष्कळ विचार केला. "लय," तो म्हणाला.

सालोडकरांनी 'सज्ञान' असं लिहिलं, लेकरांपुढे 'अज्ञान' लिहिलं, आणि पाहुणे समक्ष पाहिल्याशिवाय मंजुरी देता येणार नाही असं बजावलं.

आवाहनाच्या दिवशी ते हजर झाले, ते नेमके मुहूर्तावर. विमलाबाई आणि शेजारची शकुबाई मुखवटे हातात घेऊन कुंकवाच्या पावलांवरून घरात शिरत होत्या. रीतीप्रमाणे आतल्या बायकांनी विचारलं, "कोण आलं?" उंबऱ्यावरून उत्तर आलं, "महालक्ष्मी आली!" "कशाच्या पावलानं आली?" "धनधान्याच्या पावलानं आली!" असं दर खोलीत झालं. सालोडकर पायताण काढून मागोमाग फिरले आणि प्रत्येक खोलीत त्यांनी टिपण केलं. आता आपण सरकारला फसवल्याबद्दल आत जाणार, हे चंद्रभानला दिसायला लागलं.

"साहेब, चुकलो," तो कानाला हात लावून म्हणाला.

"चुकलात कसे? घरातल्या झाडून साऱ्या बायका एका सुरात सांगतात की आल्या. मी 'आल्या नाहीत' असं लिहू? उद्या गावभर होईल की सरकार म्हणते महालक्ष्म्या आल्याच नाहीत. निवडणूक तोंडावर आली आहे, भोयर. मला पोरंबाळं आहेत." आणि त्यांनी वाकून दोन्ही पाहुण्यांना नमस्कार केला.

मंजुरी तिसऱ्या दिवशी सकाळी आली. आनंदाबाईनं पदर खोचला आणि दुपारपर्यंत असा फुलोरा टांगला, की शकुबाई मोजता मोजता दोनदा चुकली. संध्याकाळी विसर्जनाची वेळ झाली. विसर्जन म्हणजे फार काही नसतं. आरती झाली की मुखवटा जरासा हलवायचा, देवी निघाली. विमलाबाई हात पुढे करणार एवढ्यात मंजुरीच्या कागदाची मागची बाजू वाचत बसलेला चंद्रभान ओरडला, "हात नोको लावू वं!"

मागच्या बाजूला लिहिलं होतं: पाहुण्यांचा मुक्काम मंजुरीच्या तारखेपासून एक महिना. तत्पूर्वी पाहुणे गेल्यास साखर जशीच्या तशी परत करावी. साखर डोक्यावर टांगलेली होती. ती जशीच्या तशी परत करणं सालोडकरांनाही जमलं नसतं. तेव्हा महालक्ष्म्या राहिल्या. महिना भरल्यावर कळलं की पाहुणे गेल्याची वर्दी न दिल्यास मुक्काम आपोआप वाढतो, आणि मुक्कामाबरोबर साखरही येते. वर्दी द्यायला चंद्रभानला काही सवड झाली नाही.

"लेकीबाईले असं अडकून ठेवतेत का रे?" आनंदाबाई म्हणाली. "काऊन धरून बसला त्यायले?"

"म्या कुठं धरलं, आत्या? सरकारनं धरलं."

खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडलं होतं. तीन दिवसांचा मान आता बारमाही झाला. नवरात्रात त्यानं देवींभोवती झेंडूचा मांडव घातला, दिवाळीत आकाशकंदील लावले. कापूस घरी आला तेव्हा बोंडांचे हार आणि ज्वारीच्या धांड्यांचं मखर केलं. थंडी पडली तशा देवींच्या खांद्यावर शाली आल्या, संक्रांतीला हलव्याचे दागिने आले, आणि उन्हाळ्याकरता वाळ्याचे पडदे करून घ्यायचे त्याच्या मनात घोळू लागले. जिनाचे मालक सहकुटुंब आरास बघून गेले. त्यांनी चंद्रभानला प्रथमच नावानं हाक मारली.

आता गाव मागे कसं राहील? ज्यांच्या सात पिढ्यांत महालक्ष्म्या बसल्या नव्हत्या त्यांना एकाएकी कुळाचार आठवले. शकुबाईनं शाडूचे मुखवटे आणवले. एका विधुरानं मुसळाला लुगडं नेसवून दाराशी उभं केलं आणि कोण आलं, महालक्ष्मी आली, हे दोन्ही आवाजांत स्वतःच म्हटलं. कचेरीनं हे सर्व फार गांभीर्यानं हाताळलं. मुखवट्याच्या देवीला पूर्ण वाटा, पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या देवीला अर्धा, मुसळाचा प्रश्न विचाराधीन, असं परिपत्रक निघालं. पुढे शकुबाईच्या घरी मांजरीनं उडी मारली आणि कनिष्ठेचा मुखवटा हलला. देवी गेली की आहे, यावर गल्लीत दोन तट पडले. सालोडकरांनी मांजरीसकट जागेची पाहणी केली आणि निकाल दिला की पाहुण्याचं जाणं स्वखुशीचं असलं पाहिजे. धक्का लागून गेलेला पाहुणा गेला असं धरता येत नाही.

अर्थात गावात साखर येत होती तेवढीच होती, आणि खाणारी नावं वाढत चालली होती. माघात नवा हुकूम आला: एका कार्डावर चारांपेक्षा जास्त सज्ञान नकोत. भोयरांच्या कार्डावर पाच होते. चंद्रभान, विमलाबाई, आनंदाबाई, ज्येष्ठा, कनिष्ठा. सालोडकर स्वतः घरी आले, देवींसमोर पाटावर बसले आणि त्यांनी दौत उघडली.

"कोणाचं कापू?"

"कनिष्ठेचं कापा," चंद्रभान दबकत म्हणाला.

"देवीचं नाव कापता?" विमलाबाई कडाडली. "आपली लेकरं हायेत घरात! अन् एकटी जेष्ठा उभी केली तर ती बाजू मोकळी नाई दिसाची? लोक काय म्हणतीन?"

मोकळी बाजू चंद्रभानला डोळ्यांपुढे दिसली. ती त्याला पाहवली नाही. मग तिघांचीही नजर हळूहळू चुलीच्या दिशेला वळली. तिथं आनंदाबाई देवींच्या नैवेद्याचं पुरण वाटत होती.

"नाव नुसतं कागदावर कापून चालत नाही," सालोडकर म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाला तोड नव्हती. "कापलेली व्यक्ती घरात दिसता कामा नये. मी येऊन पाहीन."

चंद्रभान आत गेला आणि आत्याजवळ उकिडवा बसला. काय बोलायचं ते त्यानं बाहेर ठरवलं होतं, पण तिनं सवयीनं पुरणाची गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची पंचाईत झाली. ती खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आत्या, चार दिस हिंगणीले राहून येजो. तुह्या दिराचा पोरगा हाये ना तिथं?"

"त्यानं मले पाह्यलं नाई तीस वर्सांत." पाट्यावरचा तिचा हात थांबला. "काऊन धाडतं रे?"

"कार्डावर मावून नाई राह्यलो आपण."

"अन् त्या दोघी कवा जातीन?"

"त्यायचं काई सांगता येत नाई."

आनंदाबाईनं हात धुतले. ती रडली नाही की भांडली नाही, आणि त्यामुळे चंद्रभानला उलट राग आला. भांडली असती तर उत्तरं तयार होती. "नेवज दाखवून जातो," एवढंच ती म्हणाली. "पुरण अर्ध वाटून ठेवू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा खात्री करून घ्यायला सालोडकर दाराशी उभे होते. विमलाबाईनं दहीभाताची शिदोरी बांधून दिली. जाणाऱ्या बाईला लावतात म्हणून तिनं कुंकवाचा करंडाही उचलला होता. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं वळून ते कुंकू ज्येष्ठेच्या कपाळी लावलं. मोटार येईपर्यंत चंद्रभान गाठोडं धरून उभा होता. त्याच्या पोटात खरंच तुटत होतं. ते त्याला बरंही वाटलं, कारण पोटात तुटणारा माणूस वाईट नसतो अशी त्याची समजूत होती. मोटारीत बसल्यावर आनंदाबाईनं खिडकीतून त्याचं डोकं कुरवाळलं. "सांभाळून राहाजो," ती म्हणाली, आणि हिंगणीला जाणारी गाडी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली. सालोडकरांनी नोंद केली: स्वखुशीनं गेली.

पुढे साखरेवरचा कंट्रोल उठला. बातमी दुपारी आली आणि संध्याकाळच्या आत गावातल्या एकूण एक महालक्ष्म्यांचे मुखवटे हलले. आरत्यांचा एकच गलका झाला. विधुरानं मुसळाचं लुगडं सोडून तिखट कुटायला घेतलं. चंद्रभाननं मुखवटे चिंचेनं घासून फडक्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. बैठक एकदम मोठी वाटू लागली. आत्याला आणायला जायचं त्याच्या मनात होतंच. जिनाचा हंगाम संपला की जाऊ, असं तो दोन हंगाम म्हणाला. शिवाय नाव कापण्याचा जसा हुकूम आला होता तसा नाव कापलेल्यांना परत आणण्याचा कुठलाही हुकूम आला नव्हता. भाद्रपदात फुलोरा हलवायाकडून आणवला. करंज्या जरा कडक होत्या, पण टांगायला चांगल्या दिसल्या.

ही हकिगत आजवर पुष्कळ घरांतून सांगून झाली आहे. लोक पोट धरून हसतात. मांजरीचा निकाल पुन्हा सांगायला लावतात, मुसळावर टाळ्या देतात. हसणं ओसरलं की सगळे एकच प्रश्न विचारतात, आणि तो तुमच्याही ओठांवर असेल म्हणून उत्तर देऊन ठेवतो: होय, देवीला महिन्याला मिळे ती साखर पुरत्या माणसाइतकीच मिळे. हिंगणीत त्या बाईला कोणी दारात घेतलं की नाही, हे मात्र अजून एकानंही विचारलेलं नाही.