‘बरं आहे’ म्हटलं की चहा

आमच्या गल्लीत सुदाम जाधवला ‘बरं आहे’ म्हटलेलं चालत नाही. तो विचारणार, “काय, कसं आहे?” आणि तुम्ही सवयीनं ‘बरं आहे’ म्हणालात, की एक कटिंग चहा तुमच्यावर लागू. दंड. सोसायटीच्या चेअरमनकडूनसुद्धा त्यानं वसूल केलाय. चेअरमन चिडले. म्हणाले, “अरे, मला खरंच बरं आहे.” सुदाम म्हणाला, “साहेब, जिना चढलात की तुमी भिंत धरून उभे राहता. कुठलं बरं? चहा सांगा.”

सुदामचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेला. काखेत कुबडी घेऊन चालतो, पण असा चालतो की धडधाकट माणसानं बाजूला व्हावं. जुईनगर स्टेशनच्या रस्त्याला त्याचा पिवळा टेलिफोन बूथ आहे, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. त्यातला फोन कधीचाच मेला. आता तो मोबाईलचे रिचार्ज मारतो, झेरॉक्स काढतो. पण तो मेलेला फोन अजून तिथंच, रोज फडक्यानं पुसलेला. “भंगारात घाल की,” म्हटलं तर म्हणतो, “राहू दे. त्याचे शंभर टक्के आहेत.”

टक्के हा त्याचा दुसरा नाद. अपंगाचा दाखला काढायचा तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचा बोर्ड बसतो आणि तुमच्यात किती टक्के बिघाड आहे ते लिहून देतो. चाळीस भरले तर पेन्शनला अर्ज करता येतो, सवलती मिळतात. चाळीसच्या खाली असलात तर घरी जा. सुदामचे साठ आहेत. दाखला असलेल्या माणसांची तो पाठीमागं नावंच घेत नाही. “पंचेचाळीस टक्के आले होते का?” असं विचारतो. पंचेचाळीस टक्के म्हणजे भाजीवाली मंदा, तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. सरकारनं अपंगाचं दिव्यांग केलं, तेव्हा सुदाम म्हणाला, “नाव बदललं ते बरं केलं. टक्के तेवढे बदलू नका.”

मी तीस टक्के.

मी घाऊक बाजारात गोणी उचलणारा माणूस. शाळा चौथीत सुटली. जन्म पाठीवर ओझी वाहण्यात गेला आणि एक दिवस लकव्यानं उजवी बाजूच गेली. पाय परत आला, घासत का होईना. हात आला नाही. खांद्याला टांगल्यासारखा असतो.

बोर्डाकडं मला सुमननं नेलं, माझ्या बायकोनं. डॉक्टरांपुढं जायचं म्हणजे माणसानं माणसासारखं जायला नको? तिनं मला आंघोळ घातली, दाढी करवून आणली, लग्नकार्यातला पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, बटणं लावली, भांग पाडला. वर कानात अत्तराचा फाया. डॉक्टरांनी विचारलं, “कसं आहे बाबा?” मी म्हणालो, “बरं आहे साहेब, तुमच्या कृपेनं.” “स्वतःचं स्वतः करता ना सगळं?” आता परक्या माणसापुढं काय रडगाणं गायचं? “करतो की,” म्हणालो. तीस टक्के.

सुमन रस्ताभर खूश. “डॉक्टर किती आदरानं बोलले तुमच्याशी!” त्या तिसात काहीच मिळत नाही, हे आम्हाला सुदामनं सांगितलं. कपाळावर हात मारून म्हणाला, “वहिनी, तुमी यांना बोर्डाला नेलं का पोरगी बघायला?”

पुढं सुमनच गेली. ताप आला, तो डोक्यात गेला. होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलं. त्याचं मला काही नाही, तिथं न नेता कुठं नेणार होतो. पण माझ्या गोळ्या तिच्या धुण्याभांड्याच्या कामांवर चालत होत्या. त्या बंद पडल्या. हाताच्या व्यायामाला जायचो, तेही सोडलं. बोटं आत वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच ठेवलंत तर मूठ उघडायची नाही.

दिवसकार्य झालं, मुलगी जासईला सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनियनवर बसून होतो. शर्ट घालायचा, तर बटणं कोण लावणार? तेवढ्यात कुबडी वाजवत सुदाम आला. खुंटीवरचा शर्ट काढला, माझे हात त्यात घातले आणि बटणं लावायला लागला, खालून वर. सुमन वरून खाली लावायची.

“उलटं लावतोयस,” मी म्हणालो.

“मग तक्रार करा.”

तेव्हापासून तो रोज यायला लागला. मग एक दिवस म्हणाला, “अण्णा, बोर्ड परत करू. पण माझ्या पद्धतीनं.”

झाली तालीम सुरू. बूथच्या आत सुदाम डॉक्टर, गळ्यात चार्जरची वायर. बाहेर स्टुलावर मी. रिचार्जला आलेली माणसं फुकट तमाशा बघायला उभी.

“काय त्रास?”

“त्रास असा नाही, हात जरा...”

“जरा? पाच टक्के गेले! परत.”

“हात चालत नाही.”

“पायजम्याची नाडी कोण बांधतं?”

“तुला काय करायचंय रे!”

“मला नाय, डॉक्टरला करायचंय. सांगा.”

शेजारी मंदा टोपली घेऊन उभी. बाईमाणसापुढं नाडीचं काय सांगणार? म्हणालो, “मीच बांधतो.”

सुदामनं वायर गळ्यातून काढून आपटली. “गेले दहा टक्के! मंदाताई, तुमी जावा बघू, यांना लाज वाटते.” मंदा जागची हलली नाही. मला म्हणाली, “मेथी देऊ का? ताजी हाय.”

मी भडकलो. “खोटं बोलायला शिकवतोस काय मला?”

सुदाम एकदम हळू आवाजात म्हणाला, “खोटं तुमी बोलला होता, अण्णा. ‘करतो की’ म्हणून. मी खरं बोलायला लावतोय. ते जड जातंय तुमाला.”

मी स्टूल बूथजवळ ओढलं. “विचार परत,” म्हणालो.

बोर्डाच्या दिवशी तो आला, पण दारातच उभा राहिला. “आज मी हात लावणार नाय. जसं जमेल तसं घाला.” फक्त नाडी बांधून दिली, तेवढी अब्रू राहू दे म्हणून. डाव्या हातानं झगडून झगडून माझी दोन बटणं लागली, तीही भलत्याच काजात. भांग नाही, दाढी नाही. सुमननं बघितलं असतं तर उंबऱ्याबाहेर सोडलं नसतं. रिक्षात मी सुदामला शिव्या घालत होतो. तो बाहेर बघत होता. एकदा त्याचा हात माझ्या कॉलरकडं आला. त्यानं तो मागं घेतला आणि मांडीखाली दाबून बसला.

आत त्याला सोडलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. “कसं आहे काका?” जिभेवर तेच आलं होतं. गिळलं.

“हात चालत नाही,” मी म्हणालो.

“शर्ट कोणी घातला?”

“मी घातला. म्हणून असा दिसतो.”

“रोज कोण घालतं?”

“बायको घालायची. ती गेली. आता शेजारी घालतो. आज त्यानं मुद्दाम घातला नाही.”

बाई लिहायच्या थांबल्या. मग त्यांनी माझा हात घेतला आणि एकेक बोट उघडून बघायला लागल्या. अशी कळ आली की माझ्या तोंडून शिवी गेली. ती काही तालमीत नव्हती.

बाहेर आलो तर सुदाम बाकावरून उठला. काय झालं, हेसुद्धा विचारलं नाही. आधी व्हरांड्यातच माझी बटणं सोडली, नीट लावली, खिशातून कंगवा काढून भांग पाडला. मग म्हणाला, “हां, आता बोला.”

दाखला त्याच्या मोबाईलवर आला, माझा फोन साधा आहे. पंचावन्न टक्के. सुदाम रस्त्याच्या पलीकडून ओरडला, “अण्णा, पाचानं हुकलात! नायतर माझी बरोबरी केली असती!”

पुढं आणखी चकरा मारल्या, पण पेन्शन सुरू झाली. फार नाही. गोळ्या येतात, व्यायाम परत लागला, अंगठा थोडा हलतो.

तेवढ्यात मुलीनं दोन टी-शर्ट आणले. “बाबा, बटणंच नकोत. सुदामकाकांना किती दिवस त्रास द्यायचा?” सुदाम तिथंच होता. हसला. “बरोबर आहे. सुटलो मी.” दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी टी-शर्ट घालून बूथकडं गेलो. तो एकटाच बसून मेलेला फोन पुसत होता. ज्यांचे दाखले त्यानं काढून दिले ती माणसं समोरून जात होती. लांबूनच हात करत होती. त्यांची कामं झाली होती. मी त्याला हाक न मारता मागं फिरलो.

दोन्ही टी-शर्ट ट्रंकेत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा शर्ट तसाच अंगावर लोंबत ठेवून भर रस्त्यानं बूथवर गेलो.

“लाव.”

“टी-शर्ट कुठाय?”

“गळ्याला टोचतो.”

त्यानं कुबडी काउंटरला टेकवली आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. सगळ्या गल्लीला हा विचारत फिरतो. याला उलटं कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“तू कसा आहेस रे?” मी म्हणालो.

वरच्या बटणापाशी त्याचे हात थांबले.

“मी? बरं आहे.”

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. “चहा लागू झाला तुला,” म्हणालो.

त्यानं दोन कटिंग सांगितले. माझा ग्लास रिकामा झाला, तरी मी स्टुलावरून उठलो नाही.