पन्नास लिटर समुद्र

मी चुका करत नाही. चुका इतर लोक करतात आणि मी त्या काढतो. बावीस वर्षं दैनिकाच्या डेस्कवर बसून मी याचाच पगार घेतो आहे. बातमीदाराने दोनशे शब्द लिहून आणले, तर त्यातले ऐंशी बिनकामाचे आहेत हे मला कागद हातात घेण्याआधीच कळतं. ऑफिसात मला 'कात्री' म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण मला नीट ऐकू येईल इतक्या जवळून!

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "बाबांसाठी समुद्री माशांची एक लहानशी टाकी आणू या का?" तेव्हा मी शांतपणे उत्तर दिलं, "चार दिवस दे. इतकी तपासून घेतलेली टाकी या शहरात दुसऱ्या घरात सापडणार नाही."

बाबा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं एकटे राहिले. मग एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत तीन तास तसेच पडून राहिले. आमची लेक हॉस्टेलला गेल्यामुळे तिची खोली रिकामी होती. बायकोने त्यांना आणून त्या खोलीत ठेवलं. ते आले, पण अट घालून आले. "महिनाभर राहून बघतो. नाही करमलं, तर माझा मी परत."

पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा मिक्सर, इस्त्री, दाराची घंटी आणि दोन पंखे दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात घरात बिघडलेलं काही उरलं नाही. मग ते खिडकीशी खुर्ची लावून बसायला लागले.

"इथून काय दिसतं, बाबा?" मी एकदा विचारलं.

"भिंत," ते म्हणाले. "चांगली आहे. हलत नाही."

बायकोने त्या दिवशी पोळ्या गरजेपेक्षा जोरात लाटल्या. ते परत एकटे राहायला गेले की फोन वाजल्यावर दरवेळी ती हातातलं टाकून धावणार, हे मला कळत होतं. म्हणजे टाकी ही नुसती टाकी नव्हती. हातात जेमतेम दोन आठवडे होते.

मी सतरा रकान्यांचा तक्ता केला आणि दुकानात गेलो. टाकीवाला पन्नाशीचा, बारीक, सतत हात पुसणारा माणूस होता.

"लहानात लहान दाखवा," मी म्हणालो. "सोपी पडेल."

"उलटं आहे, साहेब. खरा समुद्र एवढा मोठा आहे म्हणून निवांत आहे. कुणी काही टाकलं तरी त्याला पत्ता लागत नाही. पन्नास लिटरमध्ये चमचाभर चूकसुद्धा वादळ होते."

"चुकांचं माझ्यावर सोडा!"

आपला आजार स्वतःच ओळखून आलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

नवी टाकी भरली की तिच्यात जीव सोडायला महिनाभर थांबावं लागतं, असं कळलं. तेवढा वेळ कुठे होता? मी त्याच्या गल्ल्याशेजारची, सहा महिने चालू असलेली टाकीच मागितली. आत खडक, दोन नारिंगी मासे आणि प्रवाळं. काही शर्टाच्या बटणांसारखी गोल, तपकिरी-हिरवी. एक मोठं, पंजा उघडून बसल्यासारखं. प्रवाळ हा दगड नसून प्राणी असतो आणि बराचसा उजेडावर जगतो, ही माहिती माझ्या तक्त्यात नवव्या रकान्यात होतीच. त्या टाकीवरचा दिवा मात्र जुना, मिणमिणता होता. तो मला पसंत पडेना. मी सगळ्यात जोरदार दिवा निवडला. निळ्या उजेडाची एक कळ, पांढऱ्याची एक, शून्यापासून शंभरपर्यंत.

"याचा उजेड कमी-जास्त करता येतो ना?"

"येतो," टाकीवाला म्हणाला. "म्हणून तर भीती वाटते."

त्याने स्वतःच्या हाताने दोन पानं सूचना लिहून दिल्या. मी घरी येऊन वाचल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. मासल्यादाखल एक परिच्छेद देतो: 'प्रवाळांना जुन्या मंद दिव्याची सवय आहे. म्हणून नवा दिवा पहिल्या आठवड्यात वीस टक्के. मग दर आठवड्याला पाच पाच टक्के, हळू हळू, बघत बघत, साठपर्यंत. घाई घाई करू नये.'

एका परिच्छेदात चार द्विरुक्ती! आमच्या दैनिकात एक जरी आली तरी संपादकांचा फोन येतो. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. 'पाच पाच' कशाला? 'हळू हळू' कशाला? शेवटी आकडा किती? साठ. वाचकाला निष्कर्ष हवा असतो. दोन पानांचे मी एकोणीस शब्द केले, सुवाच्य अक्षरात उतरवून फ्रिजवर लावले. त्यात 'दिवा : साठ टक्के' ही ओळ तर मला इतकी आवडली की मी ती दोनदा वाचली. टाकीच्या टेबलाचा एक पाय जरा हलत होता. मूळ दोन पानांची घडी करून मी त्याखाली सरकवली. मूळ प्रतीचा याहून अधिक उपयोग माझ्या पाहण्यात नाही.

बाबा दाताच्या डॉक्टरकडून परत आले तेव्हा दिवाणखान्यात समुद्र झगमगत होता. मासे फिरत होते. बायको टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

"बाबा, हे तुमच्यासाठी!"

बाबांनी टाकीकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"गळत नाही ना?" त्यांनी विचारलं, आणि जाऊन खिडकीशी, टाकीकडे पाठ करून बसले.

चौथ्या दिवशी बटणं मिटली. सगळी! इस्त्रीवाल्याने शर्टासकट दाबून टाकल्यासारखी. पंजानेही मूठ आवळली. मी घाबरलो नाही. मी विचार केला. प्रवाळ उजेडावर जगतं. प्रवाळ मिटलं आहे. म्हणजे उजेड कमी पडतो आहे! मी दिवा ऐंशीवर नेला. सहाव्या दिवशी बटणं फिकट पिवळी दिसायला लागली. मी नव्वदवर नेला. आता आमच्या घरात दूध निळं दिसायचं. बायको हसली की दात निळे दिसायचे. पण ती हसतही नव्हती, कारण शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "रविवारी महिना भरतो. चारची गाडी सांगितली आहे."

"अहो बाबा, पण इथे काय कमी आहे?" ती म्हणाली.

"कमी काहीच नाही गं. तुमचं सगळं नीट चाललंय. मी नुसता खुर्ची अडवून बसतो."

ती उठून आत गेली आणि आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

मी दिवा शंभरवर नेला!

शनिवारी माझी साप्ताहिक सुट्टी. दुपारी मी गॅलरीत उभा होतो. समोरच्या इमारतीत प्रसूतिगृहातल्या एक सिस्टर राहतात. त्या कपडे वाळत घालत होत्या. खाली एक टेम्पो मागे घेत होते आणि तो मागे येताना वाजतो तसा पिंपिं वाजत होता. त्या गोंगाटात झालेला संवाद मी जसाच्या तसा देतो, कारण नंतर तो मला बऱ्याच जणांसमोर सांगावा लागला.

"अहो, तुमच्याकडे निळा उजेड कसला?" सिस्टर ओरडल्या.

"प्रवाळ आहे!" मी ओरडलो.

"अगं बाई! आम्हाला पत्ताच नाही! किती दिवसांचं?"

"घरी आणून आठवडा झाला!"

"पिवळं पडलंय का?"

बाईंना विषयाची इतकी जाण असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. "हो ना!" मी म्हणालो. "म्हणून तर दिवा पूर्ण सोडलाय!"

"पूर्ण? डॉक्टरांना विचारलंत?"

"कशाला? मी सगळं वाचलंय!"

"डोळे तरी झाकलेत ना त्याचे?"

"त्याला डोळे नसतात हो!"

सिस्टरांच्या हातातून उशीचा अभ्रा खाली पडला. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"आणि… दूध पितं का?"

या प्रश्नाने मी जरा गोंधळलो. पण अडाणी माणसालाही समजावून सांगावं, असा माझा स्वभाव आहे. "छे! चार दिवस तोंडच मिटून घेतलंय!"

"अहो, मग जवळ कोण असतं त्याच्या?"

"बाबा असतात! पण ते त्याच्याकडे पाठ करून बसतात!"

सिस्टर आत धावल्या. काय ही आस्था, असं मला वाटलं.

वीस मिनिटांनी घंटी वाजली. बायकोने दार उघडलं. दारात सिस्टर, त्यांच्याबरोबर गळ्यात नळी अडकवलेल्या बालरोगतज्ज्ञ बाई, आणि जिन्यावर खालच्या तीन मजल्यांतली झाडून सगळी माणसं. एकीच्या हातात लोकरीचं टोपडं होतं.

"कुठाय बाळ?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कुठलं बाळ?" बायको म्हणाली.

"डोळे नसलेलं!"

बायको हळूच मागे वळली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण ही नजर मला नवी होती.

"प्र-वाळ!" मी टाकीकडे बोट दाखवून किंचाळलो. "प्रवाळ म्हणालो मी! आधी 'प्र' होता!"

"तो टेम्पोने खाल्ला," सिस्टर पुटपुटल्या आणि खुर्चीत बसल्या. "काविळीच्या बाळांना आम्ही असाच निळा दिवा लावतो हो." टोपडं हळूहळू कुणाच्या तरी पिशवीत गेलं.

डॉक्टरबाई मात्र आल्यासारख्या टाकीजवळ गेल्या. वाकल्या आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "ही कावीळ नाही. याला भाजलंय. मला इथे दोन मिनिटं उभं राहवत नाही, ते बिचारं जाणार कुठे?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले होते. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी भिंतीकडे पाठ केली.

"किती टक्के आहे?" त्यांनी विचारलं.

"शंभर," मी म्हणालो.

"सूचना?"

मी फ्रिजकडे बोट दाखवलं. त्यांनी एकोणीस शब्द वाचले. "हे तुमचं अक्षर आहे, जावईबापू. दुकानदाराचा कागद कुठे आहे?"

मी टेबलाच्या पायाकडे पाहिलं. माझ्याबरोबर जिन्यापर्यंतच्या सगळ्यांनी पाहिलं.

पन्नास लिटर पाणी, खडक, काच! मी आणि बायकोने मिळून टेबलाची एक बाजू बोटभर उचलली. बाबांनी कागद ओढला. त्याच क्षणी समुद्राला भरती आली आणि ती सगळी माझ्या कॉलरमधून आत गेली. मासे जागेवर राहिले, एवढी देवाची कृपा.

बाबांनी ओली पानं उलगडली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. एकही शब्द गाळला नाही. "पाच पाच टक्के. हळू हळू. बघत बघत. घाई घाई करू नये." मग ते माझ्याकडे वळले. "शहाणा माणूस आहे. जहाजावरही असंच लिहून ठेवायचे. एकदा सांगितलेलं अर्ध्या लोकांना ऐकूच जात नाही."

सिस्टरांनी मान डोलावली.

"तुमच्या लक्षात आलं होतं का, बाबा?" बायकोने विचारलं.

"पहिल्या दिवशीच. दिवा बघूनच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी काचेवरचं पाणी पुसलं. "पाहुण्याने यजमानाच्या दिव्याला हात लावू नये. आणि यांनी तर सगळं वाचलेलं होतं."

मी कॉलर पिळली. बायको मात्र त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही पाहुणे नाही हो बाबा. हात लावा. कशालाही लावा."

त्यांनी निळी कळ वीसवर आणली, पांढरी पाचवर. सांडलं तेवढं पाणी, मीठ मोजून, पुन्हा तयार करून घातलं. मला खुर्चीवरून न उठण्याची विनंती केली.

रविवारी सकाळी ते चहा घेऊन टाकीसमोर बसले ते जेवायला उठले नाहीत. दुपारी एकच्या सुमारास एक बटण, एकच, काठाने जरासं उघडलं. "आलं!" बाबा असे ओरडले की शेजारचे धावत आले. या वेळी टोपडं आणलं नव्हतं.

पण बॅग दाराशी तशीच उभी होती. पावणेचारला गाडीवाल्याचा फोन आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल पिळत उभी राहिली. बाबांनी फोन कानाला लावला, म्हणाले, "आज नको. आता नकोच," आणि ठेवून दिला.

मी आत कपडे बदलत होतो. बाहेर ते लेकीशी हळू आवाजात बोलत होते, तेवढं कानावर आलं.

"त्यांना असं सोडून कसा जाऊ गं? जीव चांगला आहे, पण समज बेताची. दिवसभर नुसते इकडून तिकडे फिरतात. काही झालं की तोंड उघडून बघत राहतात. खायला दिलं की खूश. कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं."

माझा ऊर भरून आला. बटण अर्धवट पोळलं असेल, कॉलर खारट झाली असेल, पण टाकी निवडली ती मीच! मी बाहेर आलो. बाबा बॅग उचलून खोलीत ठेवायला गेले होते.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "शेवटी माशांनीच थांबवलं त्यांना! किती माया लागली! 'त्यांना सोडून कसा जाऊ' म्हणाले. मासे दोन, म्हणून अनेकवचन. या वयातही व्याकरण बिनचूक!"

बायकोने माझा कालचा, धुतलेला शर्ट दोरीवर टाकला, त्याला दोन चिमटे लावले आणि माझ्याकडे अतिशय प्रेमाने पाहिलं.

"ते अनेकवचन नव्हतं रे," ती म्हणाली. "आदरार्थी होतं."