डाव्या आणि उजव्या दारातील गुरगुर

मोहफुलांच्या हंगामात वाघापासून जनतेस सावध करण्याचे कार्य ज्या जीपवर सोपविण्यात आले होते, तिचा मी कंत्राटी चालक. छतावरील भोंग्यास मंजुरी नसल्यामुळे ध्वनिमुद्रित सूचना दारांतील दोन स्पीकरांतूनच, काचा खाली करून, द्यावी लागे. आमच्या बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले होते, आणि माझी अर्धांगिनी मनकर्णा त्याच वाटेने पहाटे मोह वेचावयास जात असे. म्हणून हे कार्य मी केवळ पोटासाठी करीत नव्हतो.

एके दिवशी दोन्ही स्पीकर बिघडले. "ग्रामस्थ बंधुभगिनींनो" याऐवजी केवळ गुरगुर बाहेर पडू लागली.

ब्रह्मपुरीचे मिस्त्री हेमराजभाऊ यांनी तपासणी केली. त्यांनी दुसऱ्या गाडीचा स्पीकर आमच्या तारांना जोडला, तो खणखणीत बोलला.

"तार बरोबर हाय, टेप बी बरोबर हाय. पडदेच फाटले," ते म्हणाले. "दहा मिनटाचं काम. बदलवू का?"

"दोष ठरविण्याचा अधिकार समितीस आहे," मी नम्रपणे सांगितले.

"समितीनं कधी स्पीकर खोलला का, मुखरूभाऊ?"

"खोलण्यासाठी उपसमिती असते."

समिती आठ दिवसांनी आली. धूळ फार असल्यामुळे सदस्यांनी आपल्या वाहनात, काचा बंद ठेवून, श्रवण केले. त्यांना काहीच ऐकू आले नाही. शेरा पडला : "दोष आढळला नाही. फेऱ्या चालू ठेवाव्यात."

आदेशानुसार मी रोज पहाटे जंगलाकडेच्या वळणावरून गुरगुरत जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी मनकर्णा घाईघाईने परतली.

"काऊन परत आलीस?"

"मोठा वाघ हाय जी. रोडाकडून गुरगुरून राह्यला. साऱ्या बाया परतल्या."

तो वाघ मीच, हे सांगणे माझे कर्तव्य होते. परंतु टोपली रिकामी होती आणि मनकर्णा पूर्ण होती. दुसऱ्या पहाटे मी पुन्हा गुरगुरत निघालो.

पंधरा दिवस जंगलात कोणी पाऊल ठेवले नाही. कार्यालयाने "जनजागृती शंभर टक्के यशस्वी" असे वर कळविले. हे यश पाहण्यास चंद्रपूरहून मोठे साहेब येण्याचे ठरले. साहेबांसमोर जीपने गुरगुरणे शिष्टाचारास धरून नव्हते. म्हणून ज्या स्पीकरांत दोष आढळला नव्हता, ते त्याच दुपारी बदलण्यात आले. हेमराजभाऊंना नऊ मिनिटे लागली.

दुसऱ्या पहाटे, साहेब शेजारी बसलेले असताना, जीप सुस्पष्ट बोलली : "सावधान. परिसरात वाघाचा वावर आहे. जंगलात जाऊ नये." तोच बायांची रांग हसतखिदळत, टोपल्या घेऊन, जंगलाकडे निघालेली दिसली. सर्वांत पुढे मनकर्णा.

मी जीप थांबविली. "सूचना ऐकू आली नाही काय?"

"आली ना जी. एकदम साफ."

"मग?"

"इतके दिवस वाघ होता. आज सरकारी गाडी हाय."

साहेबांनी वहीत नोंदविले : "महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद."

त्या दिवशी ती परत येईपर्यंत मी दारातच उभा होतो. ती टोपलीभर मोह आणि बोडीवरच्या ताज्या पंजाची बातमी घेऊन आली. मी तडक ब्रह्मपुरी गाठली, हेमराजभाऊंच्या भंगारातून फाटके स्पीकर शोधले आणि पुन्हा बसविले. दुसऱ्या दिवशी मनकर्णा रिकामी टोपली घेऊन, वाघाला शिव्या देत, सुखरूप परतली.

आता मला नोटीस आली आहे. सुस्थितीतील स्पीकर काढून नादुरुस्त का बसविले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावयाचा आहे. पुरावा जोडणे आवश्यक आहे, म्हणून वाचकांस विनंती करतो. आज सकाळी आपल्याही दारावरून कचऱ्याची गाडी गेली असेल. स्पीकर उत्तम, आवाज स्वच्छ. तिने काय काय सांगितले, तेवढे शब्दशः लिहून पाठवावे.

आपला कोरा कागद मी खुलाशास जोडीन.