तलाव-दर्शनी सदनिकांविषयी पाहुण्यांस माहिती

पाणी हे मुख्यतः पाहण्यासाठी असतं. हे सत्य जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही, कारण त्याला पाणी दिसलं की तो ते पितो, त्यात म्हशी धुतो, नाहीतर सरळ धानाला सोडून मोकळा होतो. पाण्याकडे नुसतं पाहत बसायचं तर माणूस निदान सातव्या मजल्यावर तरी हवा. आमच्या गावात ती सोय नव्हती. गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे नळयोजनेची टाकी, आणि तिच्यावर चढलेल्या माणसाला खाली उतरवायला पोलीस बोलवावे लागत.

ही उणीव आता दूर झाली आहे. भंडाऱ्याहून लाखनीकडे जाताना, हायवेला लागून, आमच्या गावतलावाच्या अगदी काठावर 'लेक एम्परर' हा चौदा मजली टॉवर उभा आहे. नागपूर वाढत वाढत इकडे येणारच, असं जाणकार सांगतात. इमारत आधीच येऊन बसली, म्हणजे शहर आल्यावर त्याला जागा शोधत फिरायला नको. मी योगेंद्र, या प्रकल्पाचा व्ह्यू मॅनेजर. गावच्या तलाव समितीचा अध्यक्षही मीच. (दोन्ही कामांना तलावावर लक्ष ठेवावं लागतं, ते एकाच फेरीत होतं.)

तळमजल्यावर उच्चभ्रू दुकानं आहेत. एका दुकानात फक्त मनगटी घड्याळं मिळतात, एकात सुगंधी मेणबत्त्या, आणि एकात बायकांच्या पर्सा, ज्यांत मोबाईल मावत नाही. उद्घाटनापासून हजारो लोक येऊन गेले. त्यांपैकी शेकडा नव्वद गारव्यासाठी आले, नऊ सरकत्या जिन्यासाठी, आणि उरलेला एक टक्का या नव्याण्णवांना घरी न्यायला. सुरुवातीला सगळे काचेच्या दाराबाहेर चपला काढून आत जात. एवढी स्वच्छ फरशी गावाने देवळाखेरीज पाहिली नव्हती. दरवानाने दोन-चार दिवस समजावलं, मग तोही चपला काढून उभा राहू लागला.

आता सदनिकांकडे वळू. आमच्याकडे दर चौरस फुटावर ठरत नाही, खिडकीतून किती पाणी दिसतं यावर ठरतो. वरचे मजले 'पूर्ण पाणी'. मधले 'अर्धं पाणी'. खालच्या मजल्यांना तलावाची उंच मातीची पाळ आडवी येते, तिथे पलीकडची धानाची शेतं दिसतात, म्हणून तो 'ग्रीन व्ह्यू'. तुमसरच्या एका राइस मिलचे मालक भय्याजी यांनी अकराव्या मजल्यावर पूर्ण पाणी घेतलं. यंदा मिलमध्ये धानाची आवक फार कमी, त्यामुळे त्यांचं मन उदास असतं. भरलेला तलाव पाहिला की त्यांना बरं वाटतं.

तलाव भरलेला कसा राहतो, असा प्रश्न चोखंदळ ग्राहक विचारतात. त्याचं उत्तर अभिमानाने सांगण्यासारखं आहे.

तलावातलं पाणी पाटात सोडायचं जे दार असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. दसरा झाला, उशिरा पिकणारा जड धान निसवायला लागला, म्हणजे लोंब्या बाहेर पडू लागल्या, की गाव पाळीवर जमतं, नारळ फुटतो आणि तुडूम उघडतं. हे शेवटचं पाणी. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर लोंबी पोकळ राहते. पाट सरपंचांच्या शेतापासून सुरू होतो आणि माझ्या चुलतीच्या, मंदाकाकूच्या, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, संपतो. काकूकडे विहीर नाही, मोटर नाही. त्या दोन बांध्यांतला धान तिचं वर्षाचं खाणं. काका गेल्यावर शाळेत असताना मीही तोच भात खाल्ला आहे. (अर्थात तेव्हा व्ह्यू नव्हता.)

यंदा ज्या रविवारी नारळ फुटायचा, त्याच रविवारी बिल्डर कैलाशजी नागपूरहून ग्राहकांची पहिली गाडी घेऊन आले. पाहुणे सॅम्पल फ्लॅटमध्ये चहा घेत होते आणि गाव इकडे पाळीवर जमलं होतं. तेव्हा गावातले सर्वांत वडीलधारे वासुदेवराव उठले. म्हणाले, "पाहुने घरात बसले असतानी रांजन कोनी उपसते का? गावचा रांजन म्हंजे हा तलाव. जाऊ द्या त्याहिले, मंग सोडू."

सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण गोष्ट खरी होती. पाहुणा बसला असताना आमच्याकडे रांजण उपसत नाहीत. त्याला वाटतं, आपल्याला उठवून राहिले. ही रीत कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

कैलाशजींनी गावाकडे काही मागितलं नव्हतं, हे मुद्दाम नमूद करतो. त्यांनी हातातला चहा फुंकत एवढंच विचारलं, "और काका, मेहमान हर हफ्ते आए तो?"

"त मंग गावचं नशीब!" वासुदेवराव म्हणाले.

तेव्हापासून गावचं नशीब जोरात आहे. एक गाडी हायवेला लागते तोच दुसरी वळते. वरठीच्या कारखान्यातले साहेब येतात, गोंदियाचे डॉक्टर येतात, काही कुटुंबं तर डबे घेऊन येतात. समिती दर बैठकीत एकमताने तुडूम पुढे ढकलते. सरपंचांनी बोअर मारली आहे, त्यामुळे त्यांचं मत सर्वांत आधी पडतं.

या काळात खालच्या मजल्यांसमोरची शेतं हळूहळू पिवळी पडली. आम्ही त्या मजल्यांचं नाव बदलून 'गोल्डन व्ह्यू' केलं आणि दर वाढवला.

मागच्या आठवड्यात काकू स्वतः टॉवरवर आली. दाराशी चपला काढल्या, लिफ्टमध्ये माझा हात घट्ट धरला, आणि सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. एका बाजूला काठोकाठ तलाव, दुसऱ्या बाजूला पाटाच्या टोकाशी तिच्या दोन बांध्या. जन्मभर वाकून पाहिलेलं शेत ती पहिल्यांदाच वरून पाहत होती.

"वरून त लय साजरं दिसते रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मले वाटे, तुले येथून दिसत नसन. म्हनून पानी सोडून नाही राहिला. येथून त सारंच दिसते, योगेंद्रा."

मी तिला सांगितलं की विषय समितीच्या विचाराधीन आहे. हे सांगताना मला लाज वाटली. व्ह्यू मॅनेजरला ती वाटू नये, पण वाटली.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि एक जोडपं मुलांसकट आत आलं. काकूने पदर सावरला. भांडायला आलेली बाई, पण पाहुणे दिसताच म्हणाली, "या जी, बसा. पानी घेता का?" आणि स्वतः स्वयंपाकघरात शिरून सॅम्पलच्या नळाखाली पेला धरला. (त्या नळाला पाणी नाही. सगळं दिसण्यापुरतं आहे.) पेला कोरडा पाहून ती ओशाळली. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून निमूट चपला घालून निघाली. जाताना हळूच म्हणाली, "पाहुने गेले की सांगजो. बाहेर न पडलेल्या लोंब्या पोटरीत अजून जित्या हायेत. आता पानी आलं त होते काही."

तर अशा या सदनिका. आता एकच शिल्लक आहे, दहावा मजला, पूर्ण पाणी. ती गेली की गाड्या थांबतील, पाहुणे उठतील आणि तुडूम उघडेल. अर्थात ती घेणाऱ्याचं पाणीही त्याबरोबर जाईल, म्हणून घेणारे अजून विचार करत आहेत. तुम्हीही शांतपणे विचार करा. आमच्याकडे पाहुण्याला उठवत नाहीत.

काकू रोज सकाळी पाळीवर येऊन मला हाक मारते, "गेले का रे पाहुने?"

मी हे माहितीपत्रक दाखवून सांगतो, "थांब काकू. अजून वाचूनच राहिले."